भौतिकशास्त्राचे प्रॅक्टिकल आणि जर्नल: मोजायचे कसे, लिहायचे कसे?

अकरावीत किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र घेतले की प्रयोगशाळेचा तास आणि त्यासोबत जर्नल येते. पुस्तकात वाचलेली राशी स्वतः मोजणे आणि ते मोजमाप किती विश्वासार्ह आहे हे सांगता येणे, हा या तासाचा उद्देश. प्रत्यक्षात अनेक विद्यार्थी पुस्तकातले उत्तर आधी पाहतात आणि मग त्याला जुळणारी निरीक्षणे लिहितात. तसे केल्यास प्रयोगातून शिकण्यासारखे काहीच उरत नाही. साध्या लंबकाच्या प्रयोगावरून हे नीट समजते.

जर्नलमध्ये काय असते?

साधारण क्रम असा असतो: उद्दिष्ट, साहित्य, सूत्र, आकृती, कृती, निरीक्षण तक्ता, आकडेमोड, आलेख, निष्कर्ष आणि दक्षता. आकृती व आलेख पेन्सिलने काढतात. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यावर एकक लिहितात आणि वापरलेल्या उपकरणाचे लघुतम माप तक्त्याआधी नोंदवतात. मीटरपट्टीचे लघुतम माप १ मिलिमीटर असते, साध्या व्हर्निअर कॅलिपरचे ०.१ मिलिमीटर.

वीस दोलने का मोजतात?

लंबकाचा एका दोलनाला लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाल. त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढण्याचे सूत्र असे:

गुरुत्वीय त्वरण = ४ × पाय² × लांबी ÷ आवर्तकाल²

१ मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे २ सेकंद असतो. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक ०.२ सेकंदांची धरू. एकच दोलन मोजले तर ही चूक १० टक्के होते. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्याने उत्तरात ती दुप्पट, म्हणजे २० टक्के होते. २० दोलने मोजली तर तीच ०.२ सेकंदांची चूक ४० सेकंदांत विभागली जाते, ०.५ टक्क्यावर येते आणि उत्तरात १ टक्का उरते.

उत्तर किती अंकांपर्यंत लिहावे?

समजा २० दोलनांसाठी ४०.२, ४०.० आणि ४०.३ सेकंद अशी तीन निरीक्षणे मिळाली. सरासरीवरून कॅल्क्युलेटर ९.७८७८७ दाखवतो. पण १ टक्का चूक म्हणजे जवळपास ०.१. तेव्हा पहिल्या दशांश स्थळापुढचे अंक निरर्थक आहेत. उत्तर ९.८ ± ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग असे लिहावे. ± नंतरचा आकडा म्हणजे चुकीची कबुली नव्हे. मोजमाप कुठवर खरे मानावे, हे तो सांगतो.

आलेख कशासाठी?

काही चुका कितीही वेळा मोजले तरी जात नाहीत. लंबकाची लांबी गोळीच्या मध्यापर्यंत धरायची असते. फक्त दोऱ्याचीच लांबी मोजली आणि गोळीची त्रिज्या १ सेंटिमीटर असली, तर १ मीटरच्या लंबकासाठी उत्तर दर वेळी सुमारे १ टक्का कमी येईल. सरासरी काढून ही चूक दिसत नाही.

आलेखात मात्र ती पकडता येते. पाच-सहा वेगवेगळ्या लांबी घेऊन आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढला की सरळ रेषा मिळते. त्रिज्या मोजायची राहिली असेल तर ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही, थोडी सरकते. तिचा चढ मात्र बदलत नाही, त्यामुळे चढावरून काढलेले उत्तर बरोबरच येते. लंबक फार ताणून सोडू नये, हेही महत्त्वाचे. सूत्र लहान कोनासाठीच आहे. ३० अंशांना आवर्तकाल सुमारे १.७ टक्के वाढतो.

आकडे जुळवले तर काय बिघडते?

रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची किंमत किंचित कमी होती, कारण हवेच्या विष्यंदतेचा त्यांनी वापरलेला आकडा चुकीचा होता. १९७४ साली कॅलटेकमधील भाषणात रिचर्ड फाइनमन यांनी याच गोष्टीचा दाखला दिला. नंतरच्या संशोधकांनी एकदम योग्य किंमत दिली नाही, ती हळूहळू वर सरकत गेली. फाइनमन यांच्या मते मिलिकनपेक्षा बराच वेगळा आकडा आला की संशोधक चूक शोधत बसत. जवळचा आला की तितके खोलात जात नसत. नावाजलेल्या शास्त्रज्ञांचे असे होते, तर विद्यार्थ्यांना मोह होणे स्वाभाविकच.

म्हणून निरीक्षणे घेतानाच शाईने लिहावीत. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिहावा. उत्तर ९.३ आले तर तेच लिहावे आणि कारण शोधावे: दोलने १९ मोजली गेली की २०, लांबी कुठपर्यंत धरली, गोळी वर्तुळात तर फिरत नव्हती? तोंडी परीक्षेत नेमके हेच प्रश्न येतात आणि ज्याने प्रयोग खरोखर केलेला असतो, त्याला उत्तरे पाठ करावी लागत नाहीत.