म्रिया : एकच होतं, तेही गेलं

जगातलं सर्वात मोठं मालवाहू विमान कुठलं, असं विचारलं की लोक आजही अंतोनोव्ह २२५ चं नाव घेतात. "होतं म्हणा", असं मला दरवेळी सांगावं लागतं.

गंमत म्हणजे हे विमान भाड्याचा माल वाहण्यासाठी जन्मालाच आलं नव्हतं. अमेरिकेच्या स्पेस शटलला उत्तर म्हणून सोव्हिएत संघाने 'बुरान' हे अवकाशयान बांधलं. ते पाठीवर घेऊन उडणारं कुणीतरी हवं होतं. मग किएव्हच्या अंतोनोव्ह कारखान्याने आपलंच १२४ हे विमान लांबवलं, चाराची सहा इंजिनं केली, चाकं ३२ केली. पंख ताश्कंदहून आले, इंजिनं झापोरिझ्झियाची. नाव ठेवलं 'म्रिया', म्हणजे युक्रेनी भाषेत स्वप्न. २१ डिसेंबर १९८८ रोजी पहिलं उड्डाण.

तीनच वर्षांत देश फुटला. बुरान एकदाच अवकाशात जाऊन आलं आणि कार्यक्रम गुंडाळला गेला. १९९४ पासून म्रिया उभंच. इंजिनं काढून १२४ ला लावली. २००१ मध्ये ते पुन्हा उडालं, पण आता पोटापाण्यासाठी. २००९ मध्ये जर्मनीहून आर्मेनियाला वीजकेंद्राचा जनरेटर नेला. एकच नग, चौकटीसकट जवळपास १९० टन! मे २०१६ मध्ये ते आपल्या हैदराबादलाही उतरलं. कोविडमध्ये चीनहून युरोपला मास्क वगैरे वाहिले.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन हेलिकॉप्टरं होस्टोमेलच्या विमानतळावर उतरली. म्रिया तिथेच दुरुस्तीला होतं. लढाईत ते जळून गेलं.

मला दोन गोष्टी सलतात. सोव्हिएत संघात सगळ्यांनी मिळून बांधलेलं विमान, त्याच देशाच्या दोन वारसांच्या भांडणात गेलं. आणि दुसरी, वर्षभराने युक्रेनच्याच सुरक्षा यंत्रणेने कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले, की हल्ल्याआधी त्यांनी विमानतळाच्या संरक्षणाची तयारी अडवली. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण हल्ल्याचे इशारे जगभरच्या बातम्यांत चालू होते, हे तर आपण सगळ्यांनीच पाहिलंय. मौल्यवान वस्तू शत्रू जाळतो हे खरंच, पण ती वेळेत हलवायची जबाबदारी आपलीच असते.

दुसऱ्या म्रियाचा अर्धवट सांगाडा सोव्हिएत काळापासून पडून आहे. पुन्हा बांधू, असं युक्रेन म्हणतं. बांधावं. पण आधी युद्ध थांबू दे.