हंगरफर्डचे दोन कारभार

केनेट नदीकाठचे हंगरफर्ड हे इंग्लंडच्या बर्कशर परगण्यातले बाजाराचे गाव. तिथला आठवडी बाजार बुधवारी भरतो. पण गावाचा खरा दिवस ईस्टरनंतरचा दुसरा मंगळवार, म्हणजे हॉकटाइड. सकाळी आठला टाउन हॉलच्या सज्जात दवंडीवाला शिंग फुंकतो आणि गावसभेचे बोलावणे जाते.

चौदाव्या शतकात ही जहागीर लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट याच्याकडे होती. नदीत मासे धरण्याचा आणि गायरानात गुरे चारण्याचा हक्क त्यानेच दिला, असे गावकरी पिढ्यानपिढ्या सांगत आले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात मासेमारीवरून लँकेस्टरच्या डचीशी, म्हणजे ड्यूकपदाच्या जहागिरीशी, वाद पेटला, तेव्हा दाखवायला सनद हाती नव्हती. तरी गाव हटले नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी तर जहागीरच गावातल्या विश्वस्तांच्या नावे झाली.

सरकारी कारभाराची घडी मात्र अनेकदा बदलली. 1974 मध्ये गाव न्यूबरी जिल्ह्यात गेले. 1998 मध्ये बर्कशरची काउंटी कौन्सिल बरखास्त झाली आणि मोठी कामे वेस्ट बर्कशर कौन्सिलकडे आली. गावाची निवडलेली टाउन कौन्सिल वेगळी आहेच. पण गायरान, मासेमारी आणि टाउन हॉल आजही त्या विश्वस्तांच्या जुन्या संस्थेच्या ताब्यात आहेत. म्हणूनच ती टिकली. नुसत्या प्रथेच्या बळावर इतकी शतके निघाली नसती.

मासेमारीचा आणि गायरानाचा हक्क माणसाला नाही, घराला चिकटलेला. हाय स्ट्रीट आणि ब्रिज स्ट्रीटवरच्या ठरावीक घरांत राहणारे ते हक्कदार. हॉकटाइडच्या सभेत ते आपला कॉन्स्टेबल नेमतात. हा पोलीस नव्हे, संस्थेचा प्रमुख. शिवाय गायरानाची देखरेख करणारे, पाण्याचे राखणदार आणि बिअर चाखून पारखणारेही नेमले जातात.

सभा चालू असताना ‘टटी-मेन’ म्हणजे फुलांनी मढवलेल्या काठ्या घेतलेले दोन मानकरी हक्कदारांच्या घरोघर फिरतात. पूर्वी ते प्रत्येकाकडून एक पेनी वसूल करीत. आता चुंबन घेतात आणि बदल्यात संत्रे देतात. वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत उभी असेल तर शिडी लावून चढतात.

दुपारच्या जेवणानंतर पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यांची पाळी. लोहार एकेकाचा पाय धरतो आणि बुटाच्या तळव्यात खिळा ठोकू लागतो. पाहुणा ‘पंच!’ असे ओरडला, की हातोडा थांबतो. मग सगळ्यांच्या पंचचा, म्हणजे त्या नावाच्या मद्यपेयाचा, खर्च त्याच्या माथी.