टी-शर्ट, घड्याळ आणि निष्ठा

गेल्या शुक्रवारी आमच्या मॅनेजरने टीमला अ‍ॅट्रिशनवर भाषण दिलं. हल्लीच्या पोरांना निष्ठाच नाही, चार पैसे जास्त दिसले की उडी मारतात, वगैरे वगैरे. शेवटी सगळ्यांना कंपनीचा टी-शर्ट. शनिवारी तोच टी-शर्ट घालून मी अष्टमीला आजोळी आलो.

खरं तर ही तक्रार फार जुनी आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा त्यांनाही हीच डोकेदुखी होती. कामगार सर्रास दांडी मारायचे. दंड लावायचा, हा त्या काळचा सोपा उपाय. जमशेटजींनी उलटं केलं. चांगल्या कामगारांना बक्षिसं दिली. रोख रक्कम, घड्याळं, दागिनेसुद्धा. म्हणजे आमच्या टी-शर्टचे पणजोबाच म्हणा ना!

पण ते तिथेच थांबले नाहीत. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. सरकारने भरपाईचा कायदा केला तो १९२३ मध्ये. आता मला सांगा, माणूस कशामुळे टिकत असेल? घड्याळामुळे, की म्हातारपणी कोणीतरी विचारणार आहे या भरवशामुळे?

याच्या नेमकं उलट उदाहरण आमच्या घरातलंच आहे. माझे आजोबा लालबागला एका गिरणीत 'बदली' होते. बदली म्हणजे ट्रान्सफर नव्हे. रोज सकाळी गिरणीच्या दारात हजर व्हायचं, कायम कामगारांपैकी कोणी आला नसेल तर त्याच्या जागी काम मिळणार, नाहीतर चालत खोलीवर परत. आमच्याकडे बेंचवर बसलेल्याला निदान पगार तरी मिळतो! आजोबांनी अशी कित्येक वर्षं काढली.

कोकणातला कामगार लावणी, गणपती, शिमगा आला की गावी पळतो, त्याचं लक्ष गिरणीत नसतं, अशी मालकांची ओरड असायची. अहो, पण पळणार नाही तर काय करणार? उद्याची हमी गिरणी देत नव्हती, गावातलं घर देत होतं. त्याची निष्ठा अगदी योग्य जागी होती.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढीबरोबरच बदली कामगारांना कायम करा, हीसुद्धा मागणी होती. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो लोक गावी परतले. आजोबाही परतले, ते इथेच, याच ओटीवर.

म्हणून हमी कायमची असते असं नाही. एम्प्रेस मिलही पुढे बंद पडलीच. पण हमी आहे तोवर निष्ठा मागण्यात अर्थ आहे. आम्हाला तीन महिन्यांची नोटीस भरायला लावायची, स्वतः मात्र एका मेलवर माणूस काढायचा, आणि वर निष्ठेवर भाषण? हे गणित काही जुळत नाही राव.

संध्याकाळी कुंडलिकेच्या पुलावर गेलो होतो. धाटाव एमआयडीसीतून शिफ्ट सुटून लोक घरी येत होते. त्यातले कायम किती आणि कंत्राटी किती, कोण जाणे.

असो. टी-शर्ट मामाला आवडला. देऊन टाकला.