क्लीनर गेला, उस्ताद एकटा राहिला

ट्रकच्या धंद्यातले शब्द पाहिले तर त्यातले बरेच आमच्या उर्दूच्या तासाला ओळखीचे निघतात. हमाल आणि दलाल अरबी. जकातही अरबीच, मूळ अर्थ दानाचा, आपल्याकडे तो नाक्यावरचा कर होऊन बसला. उस्ताद मात्र फारसी. गाण्यात उस्ताद म्हणजे गुरू, गॅरेजमध्ये मोठा मिस्त्री, आणि ट्रकवर ड्रायव्हर. क्लीनर पोरगा ड्रायव्हरला नावाने हाक मारत नसे, 'उस्ताद' म्हणे. त्या हाकेत शिकण्याचं एक नातं होतं. गेल्या काही दशकांत रस्ते सुधारले, गाड्या सुधारल्या, कागद सुटसुटीत झाले. हे नातं तेवढं संपलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. करार १९६९ मध्ये संपला, तरी आमच्याकडचे जुने ड्रायव्हर त्या गाडीला कितीतरी वर्षं 'मर्सिडीज'च म्हणत. कंपनीकडून यायची ती चेसिस. केबिन आणि बॉडी गावातले सुतार, लोहार, पेंटर मिळून उभी करत. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. लोड गाडी वळवायला खांद्यात ताकद लागे. गिअर बदलायला डबल क्लच मारावा लागे. इंजिनाची धग थेट मांड्यांना लागे.

माझे मामू कोल्हापूर-मुंबई लाइनवर होते. जाताना गूळ, येताना मिळेल तो माल. वाटेत खंबाटकी, कात्रज आणि खंडाळ्याचा घाट. ते सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर विसंबलास तर ब्रेक तापतात आणि ऐन उतारावर दगा देतात. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. त्यांच्या उस्तादने शिकवलं होतं.

क्लीनर म्हणून चढलेलं पोरगं आधी काच पुसे, रेडिएटरमध्ये पाणी घाली, ताडपत्री ओढून दोर आवळायला शिके. टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली दगड लावायचा, डाव्या बाजूला नजर ठेवायची, रिव्हर्सला मागे उभं राहून हाकारे द्यायचे. असं करत कधीतरी रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणे, 'बैस'. तोवर काही वर्षं उलटलेली असत.

या जुन्या काळाचं कौतुक करताना एक शिक्षक म्हणून माझा हात थांबतो. हे क्लीनर बहुतेक शाळा सुटलेली पोरं होती. पगार नावालाच. जेवण उस्तादच्या मर्जीवर, मारही त्याच्याच मर्जीचा. बारा-तेरा वर्षांचं पोर टपावर झोपून देश बघतंय, हे चित्र दुरून छान वाटतं. ते पोर वर्गात असायला हवं होतं. त्यामुळे लहान वयाचा क्लीनर गाडीवरून उतरला याचा मला आनंदच आहे.

पण तो गेला आणि ती खुर्ची रिकामीच राहिली. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत, अशी नियमात अट होती. २०१८ मध्ये तीही काढली. दुसऱ्या माणसाचा खर्च मालकाला परवडत नाही, भाडं तेवढं सुटत नाही, हे खरंच आहे. मात्र परिणाम असा की हजार-दीड हजार किलोमीटरच्या फेरीत अनेकदा केबिनमध्ये एकच माणूस असतो. पंक्चर, ताडपत्री, कागद, रात्री डिझेलची राखण, सगळं त्याच्याच अंगावर.

सुधारणा खोट्या नाहीत. मुंबईत शिरण्याआधी मानखुर्दच्या जकात नाक्यावर गाड्या ताटकळत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. २०२१ पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन बंधनकारक झाली. घरच्यांचा चेहरा आता मोबाइलवर दिसतो.

पण नाक्यावरचा वेळ वाचला तो ड्रायव्हरच्या झोपेत गेला का? ई-वे बिल साधारण २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चालतं. जीपीएसमुळे गाडी उभी राहिली की मालकाचा फोन येतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. हा कायदा माहीत असलेला ड्रायव्हर मला अजून भेटलेला नाही.

मग नवा ड्रायव्हर शिकतो कुठे? नियमाप्रमाणे आधी वर्षभर हलक्या वाहनाचं लायसन्स, मग ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट. पूर्वी आठवी पासची अटही होती. ती २०१९ मध्ये रद्द झाली. त्यामागे हरियाणा सरकारची विनंती होती, मेवातसाठी. मेवात हा मेव मुसलमानांचा मागास भाग. अनेक घरं गाडी चालवण्यावर जगतात. शाळा न शिकलेल्या पण हात तयार असलेल्या माणसाची रोजी वाचली, हे चांगलंच झालं. त्याच वेळी सरकारने प्रशिक्षण आणि चाचणी कडक ठेवण्याचं म्हटलं होतं. पण लोड गाडी घाटातून कशी उतरवायची, हे रिकाम्या मैदानावर आठचा आकडा काढून येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या १० वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडलं. ते कलम सरकारने अजून लागू केलेलं नाही. अपघातानंतर पळून जाणाऱ्याला शिक्षा हवीच. पण शिक्षेचा विचार झाला तेवढा शिकवण्याचा झाला नाही. अठरा पूर्ण झालेल्या, शाळा शिकलेल्या मुलाला पगार देऊन वर्षभर अनुभवी ड्रायव्हरसोबत बसवणं, आणि त्या ड्रायव्हरलाही शिकवण्याचे पैसे देणं, याला काही फार मोठा शोध लागत नाही. आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डर असेच घडतात. मामूंच्या पिढीचे काही उस्ताद अजून हयात आहेत, तोवर हे सुरू व्हायला हवं.