परत न केलेले पुस्तक

दहावीच्या स्नेहसंमेलनात आपण ‘साष्टांग नमस्कार’मधला एक प्रवेश केला होता, आठवतो? नमस्काराने सगळे रोग बरे करायला निघालेले रावबहादूर मी होतो. संवाद उतरवून घ्यायला सरांनी मला ग्रंथालयातली प्रत दिली. पहिली आवृत्ती, आणि आत आचार्य अत्र्यांची सही! 1933 साली बालमोहन नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा अत्रे स्वतः पुण्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते.

ती प्रत मी परत केलीच नाही. तिच्यापासूनच जुन्या विनोदी नाटकांच्या सहीच्या प्रती जमवण्याचा नाद लागला.

पुढे एका विक्रेत्याने गोविंद बल्लाळ देवलांच्या सहीचे ‘संगीत संशयकल्लोळ’ दाखवले. सहीखाली साल 1918. मोलियरच्या प्रहसनातून इंग्रजीमार्गे आलेल्या या कथेचे देवलांनी आधी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक केले, मग ते संगीत झाले. गंधर्व नाटक मंडळीने 1916 च्या ऑक्टोबरात त्याचा प्रयोग केला; देवल त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते. मग ही सही कुणाची? हसून पुस्तक खाली ठेवले. तेव्हापासून हाती येणाऱ्या प्रत्येक प्रतीला विचारतो, तू कुणाची आणि इथवर आलीस कशी?

माझ्या कपाटातल्या पहिल्या प्रतीला मात्र कधी विचारले नाही. तिच्यावर आपल्या शाळेचा शिक्का आहे. सर आता नाहीत. मेळाव्याच्या दिवशी ती ग्रंथालयात जमा करतो आहे. दंड किती झाला, तेवढे सांगा.