देवीची राई

पुणे-सातारा रस्त्यावरचं शिवरे माझं गाव. पण रान म्हणजे काय ते कळलं वेल्ह्यातल्या आजोळी. पंधरा-वीस घरं आणि त्यांना लागून देवीची राई. आजी बजावायची, "राईत कुऱ्हाड न्यायची न्हाई. वाळकी काटकीबी देवीची." आत ऐन, हिरडा, जांभूळ, त्यांवर चढलेली गारंबी, आणि वैशाखातही वाहणारा झरा. गाव त्याच पाण्यावर.

पानशेतच्या धरणापाठोपाठ या खोऱ्यात रस्ते आले, रस्त्यांमागून कोळशाचे व्यापारी. कितीतरी राया पोत्यांत भरून शहरात गेल्या. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ अशा राया हिंडून नोंदवत होते, तेव्हाच त्या तुटतही होत्या.

आमच्या राईलाही गिऱ्हाईक आलं. झाडं द्या, देवळावर पत्रे घालून देतो म्हणालं. गावानं कौल लावला. कळी डावी पडली, म्हणजे नकार. पुढच्या साली पुन्हा लावला, तेव्हा उजवी पडली. निम्मी राई गेली.

आजी एवढंच म्हणाली, "देवीनं एकदा सांगितलं व्हतं की."

देवळाचे पत्रे अजून शाबूत आहेत. झरा मात्र शिमग्यालाच आटतो.