टिरेटा बाजारातील चिनी न्याहारी

टिरेटा बाजारातील चिनी न्याहारी : कोलकात्यातील डिमसमची (लहान चिनी खाद्यपदार्थांची) पदपथावरील परंपरा. सियालदह स्थानकाच्या पश्चिमेस, लालबाजारानजीक, पोद्दार कोर्ट परिसरात पहाटेपासून साधारण आठ-नऊपर्यंत ती चालते. रविवारी गर्दी अधिक असते. बाजाराला एडवर्ड टिरेटा या व्हेनिसच्या गृहस्थाचे नाव आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू या चिनी व्यापाऱ्याने बजबजजवळ साखर कारखाना काढला. त्या गावाला पुढे अछिपूर हे नाव पडले. नंतर आलेल्या हक्का, कँटोनी कुटुंबांनी कोलकात्यात चर्मोद्योग, सुतारकाम व खाद्यव्यवसायात जम बसविला.

शुमाई, बाओ व माशाच्या गोळ्यांचे सूप हे येथील मुख्य पदार्थ. शुमाईची पारी मोदकासारखी पातळ. मात्र तोंड उघडे ठेवून आतील खिमा दिसू देतात. बाओ आंबवलेल्या कणकेचा, वाफेवर फुललेला असतो.

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध केले गेले. पुढे पुष्कळांनी देश सोडला. त्यामुळे वस्ती रोडावली. पदपथाऐवजी बसून चिनी जेवण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी सियालदहच्या आग्नेयेस टांगरा येथे उपाहारगृहे आहेत. टिरेटा बाजारातील न्याहारी म्हणजे एका लहान समाजाचा जपण्याजोगा जिवंत वारसा आहे.